प्रवाळ खाणारी गोगलगाय: आकारातला फरक नेमका कुठून येतो?

मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला डुबकी मारून आलेली बेळगाव-खानापूरकडची मंडळी पाण्याखालचे फोटो दाखवतात, तेव्हा सगळ्यांचे लक्ष माशांकडे जाते. प्रवाळाच्या बुडाशी चिकटलेला, शेवाळ माखलेला बोटाच्या पेराएवढा गोळा कुणाच्या नजरेत भरत नाही. असा एखादा गोळा जिवंत शंख, म्हणजे कवच असलेली समुद्री गोगलगाय, असू शकतो, आणि ज्याच्यावर तो बसलाय त्यालाच तो खात असू शकतो.

या शंखांबद्दल एक कोडे बरीच वर्षे चालत आले आहे. एकाच जातीचे मानले जाणारे शंख एका प्रवाळावर मोठे, दुसऱ्यावर लहान आणि तिसऱ्यावर वेगळ्याच ठेवणीचे भरतात. मग ही एकच जात म्हणायची की दोन-तीन? नुसत्या नजरेने याचे उत्तर मिळत नाही, आणि मोजपट्टी लावूनही सहजासहजी मिळत नाही. फरक दिसणे ही एक गोष्ट, त्याचे कारण कळणे ही दुसरी.

आधी प्रवाळाविषयी थोडे. सराफाकडे मिळणारे लाल पोवळे इथे डोळ्यांसमोर आणू नका, ते वेगळ्या कुळातले. भित्ती बांधणारे प्रवाळ म्हणजे चुनखडीच्या सांगाड्यावर पसरलेला पातळ मांसल थर. त्यात हजारो पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवलेसे जीव, असतात आणि त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. शंखाला हवा असतो तो हा मांसल थर आणि त्यातून वाहणारे अन्न. सांगाड्यात त्याला रस नाही.

खाण्याच्या दोन तऱ्हा

प्रवाळ खाणारे बहुतेक नावाजलेले शंख म्युरिसिडी या एकाच कुळातले आहेत, पण त्यांच्या खाण्याच्या पद्धतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ड्रुपेला या शंखाला दात असतात. रॅड्युला नावाच्या पट्टीवर बारीक दातांच्या ओळी, आणि कडेचे दात लांब व अणकुचीदार. त्यांनी तो मांस खरवडून काढतो, मागे पांढराशुभ्र सांगाडा उरतो. दिवसा फांद्यांच्या बेचक्यात दडायचे आणि रात्री चरायचे, हा त्याचा क्रम. अक्रोपोरा, मॉन्टिपोरा, पोसिलोपोरा ही त्याची आवडती प्रवाळे. त्याची संख्या बेसुमार वाढली की भित्तीची दुर्दशा होते. जपानच्या मियाके बेटाजवळ १९७० च्या दशकात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालू भित्तीवर १९८० च्या दशकात तसे झाले.

कोरॅलिओफिला या दुसऱ्या शंखाला दातांची पट्टीच नाही, उत्क्रांतीत ती गळून गेली. हा शंख लांब सोंड पुढे करून प्रवाळाच्या ऊती आणि रस शोषतो. यातल्या कोरॅलिओफिला व्हायोलेशियाची राहणी तर अगदीच बैठी. पोरायटीस प्रवाळावर तो एकदा बसला की जवळजवळ हलत नाही. तरीही त्याच्याखालचे प्रवाळ लवकर मरत नाही. असे का, याचा उलगडा लाल समुद्रातल्या एका अभ्यासाने केला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात किरणोत्सारी कार्बन वापरून प्रवाळाने तयार केलेले अन्न कुठे जाते याचा माग काढला गेला. शेजारच्या भागातले अन्न शंख बसलेल्या जागेकडे वाहत असल्याचे दिसले. जखम भरून काढायला प्रवाळ रसद पाठवते आणि शंख बसल्या जागी ती गिळतो. प्रवाळ पूर्ण मारले तर रसद बंद पडेल, त्यामुळे थोडके खाणेच त्याच्या फायद्याचे.

प्रवाळामुळे शंख का बदलावा?

पहिले कारण अन्नाचे. काही प्रवाळांचा मांसल थर जाड, काहींचा पातळ. कुणाची जखम पटकन भरते, कुणाची रेंगाळते. कॅरिबियनमधले एल्कहॉर्न प्रवाळ (अक्रोपोरा पाल्माटा) वर्षाला पाच ते दहा सेंटिमीटर वाढते, तर तिथलेच गोलाकार ऑर्बिसेला जेमतेम एक सेंटिमीटर. दोघांवरच्या शंखांना सारखीच मेजवानी मिळेल ही अपेक्षाच चूक.

दुसरे कारण जागेचे. फांदीच्या बेचक्यात बसणाऱ्या शंखाला वाढायला जागा ठरलेलीच मिळते. गोल प्रवाळाच्या कडेला बसणाऱ्याची तऱ्हा निराळी. एकाच जागी वर्षानुवर्षे बसणाऱ्या शंखाचे तोंड खालच्या पृष्ठभागाच्या उंचसखलपणाप्रमाणे बेतले जाते. पोसिलोपोराच्या फांदीवर चिकटणारा एक भाऊबंद इतका चपटा होतो की तो शंख आहे हे ओळखतानाही अडखळायला होते.

तिसरे कारण संरक्षणाचे. प्रवाळांजवळ डंख मारणाऱ्या पेशी आहेत, चिकट स्राव आहे, रसायने आहेत, आणि प्रत्येकाचे मिश्रण वेगळे. एकावर पचनाचे तंत्र जमले म्हणून ते दुसऱ्यावर जमतेच असे नाही. इथे प्रश्न नुसत्या आकाराचा राहत नाही. यातूनच पुढे जाती फुटू शकतात.

आपल्या भागातल्या वाचकाला हा घोळ उसावरून चटकन उमजेल. एकाच बेण्याच्या कांड्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात लावल्या आणि खानापूरकडच्या तांबड्या मातीतही लावल्या. बेणे एक, म्हणजे अनुवंश तोच, तरी पेऱ्यांची लांबी आणि जाडी वेगळी भरणार. हा फरक निव्वळ जमीन-पाण्याचा. याउलट दोन वेगळ्या वाणांचे बेणे एकाच रानात लावून फरक दिसला तर तो वाणाचा. शंखांच्या बाबतीत अडचण अशी की बेणे कोणते हे आधी ठाऊक नसते आणि रान बदलणेही आपल्या हातात नसते.

तीन शंख, तीन वेगळी उत्तरे

कॅरिबियनमधला कोरॅलिओफिला गॅलिया (जुन्या लिखाणात अब्रीव्हिएटा) अनेक प्रकारच्या प्रवाळांवर राहतो. एल्कहॉर्नवरचे शंख ऑर्बिसेलावरच्यांपेक्षा ठळकपणे मोठे. वागणेही वेगळे: एल्कहॉर्नच्या बुडाशी टोळकी करून ते वर सरकत खातात, मागे पांढरा पट्टा सोडतात, ऑर्बिसेलाच्या कडेला बसतात तेव्हा खाल्ल्याची खूण बऱ्याचदा दिसतही नाही. इतका फरक पाहून कुणीही दोन जाती म्हणेल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ठिकाणचे आणि तीन प्रकारच्या प्रवाळांवरचे शंख घेऊन त्यांचा डीएनए तपासला. यजमानानुसार, म्हणजे शंख ज्या प्रवाळावर राहतो त्यानुसार, फरकाची पुसटशी चिन्हे काही गणितांत दिसली, पण शंखांचे गट ना प्रवाळाप्रमाणे पडले ना ठिकाणाप्रमाणे. सगळे एकाच मोठ्या, आपापसांत मिसळणाऱ्या कळपातले निघाले. म्हणजे फरक आहे तो मुख्यतः रानाचा.

हे कसे शक्य होते? मादी अंड्यांच्या पिशव्या आपल्या शंखातच सांभाळते आणि त्यातून पोहणाऱ्या अळ्या बाहेर सोडते. या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर जातात. एल्कहॉर्नवरच्या आईची पिल्ले ऑर्बिसेलावर उतरू शकतात. दर पिढीत अशी सरमिसळ झाली तर वेगळे वाण तयार होणारच नाहीत.

आग्नेय आशियातल्या व्हायोलेशियाची गोष्ट उलटी. एकाच भागात, एकाच खोलीवर राहूनही वेगवेगळ्या गटांतल्या पोरायटीसवर बसणारे शंख डीएनएने वेगळे निघाले. एक गट गोलाकार पोरायटीसवरचा, दुसरा फांदीदार पोरायटीस सिलिंड्रिकावरचा. बाहेरून त्यांच्यात तुलनेने फारसा फरक जाणवत नाही. मध्ये डोंगर नाही, जमीन नाही, अळ्याही पोहणाऱ्याच. तरी फाटाफूट झाली, बहुधा बैठ्या शंखाचा जोडीदार शेजारीच बसलेला असतो म्हणून. ज्या प्रवाळावर उतरलात तिथेच लग्न.

तिसरे उदाहरण लेप्टोकोंकसचे. हा शंख छत्रीप्रवाळांच्या (अळंबीच्या छत्रीसारख्या दिसणाऱ्या प्रवाळांच्या) सांगाड्यात घर करून आतच राहतो. शंख पांढरा, पातळ, ओळखीची खूण जवळजवळ नाही. बाहेरून सगळे सारखेच दिसत. २०११ साली डच संशोधकांनी डीएनए तपासला तेव्हा त्यांतून डझनाहून अधिक जाती निघाल्या, आणि बहुतेकांचे यजमान प्रवाळ ठरलेले.

म्हणजे दिसायला सर्वांत वेगळे ते एकाच जातीचे, आणि दिसायला सारखे ते अनेक जातींचे. शंखाच्या आकारावर विसंबून जात ठरवणे किती धोक्याचे ते यातून कळते. जुन्या संग्रहालयांतल्या हजारो शंखांवर तर यजमान प्रवाळाची नोंदच नाही.

अळी प्रवाळ कसे शोधते याचे सर्वांत चांगले उत्तर फेस्टिला या शंख नसलेल्या समुद्री गोगलगायीकडून मिळाले. हवाईत झालेल्या प्रयोगांत दिसले की पोरायटीसमधून पाण्यात मिसळणाऱ्या रसायनाचा सुगावा लागला की तिची अळी पोहणे थांबवून तळाशी उतरते आणि रूप पालटते. सुगावा नसेल तर तशीच तरंगत राहते. याच वंशातली दुसरी एक जात तर ज्या प्रवाळावर बसते त्याचाच रंग घेते, नारिंगी प्रवाळावर नारिंगी आणि काळ्यावर काळी.

सरासरी फसवते

आता सर्वांत जास्त घोटाळा होतो ती जागा. कोरॅलिओफिला जन्मतः नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे लहान शंख नर, मोठे मादी. त्यामुळे दोन प्रवाळांवरच्या शंखांची नुसती सरासरी लांबी काढली तर काय होते, ते आकड्यांत पाहू. हे आकडे कल्पित आहेत.

पहिल्या प्रवाळावर ३० शंख मिळाले: २० नर, सरासरी १६ मिलिमीटर, आणि १० माद्या, सरासरी २५ मिलिमीटर. सगळ्यांची सरासरी १९. दुसऱ्या प्रवाळावरही ३० मिळाले, पण नर १० आणि माद्या २०. नर तेवढेच १६ चे, माद्या तेवढ्याच २५ च्या. सरासरी २२. तीन मिलिमीटरचा फरक निघाला, पण एकही शंख त्याच्या जोडीच्या शंखाहून मोठा नाही. बदलले ते फक्त नर-मादीचे प्रमाण. ही चूक इतकी सोपी आहे की ती सापडेपर्यंत अहवाल छापूनही होतो.

उलट दिशेनेही चकवा बसतो. फ्लोरिडातल्या एका अभ्यासात एल्कहॉर्नवरचा गॅलियाचा नर जास्त मोठा झाल्यावर मादी बनतो असे दिसले. म्हणजे प्रवाळ फक्त वाढीचा वेग बदलत नाही, लिंगबदलाची वेळही बदलते. व्हायोलेशियाच्या बाबतीत तर शेजारी कोण आहे यावरही हा बदल ठरतो. म्हणून लांबीबरोबर लिंग आणि शक्य तिथे वयही नोंदवावेच लागते. वयासाठी शंखाच्या झाकणाच्या आतल्या बाजूचे वाढीचे पट्टे मोजतात.

मोजणी कशी करतात, आणि कुठे बिघडते

शंख उचलण्याआधी जागेवरच फोटो, शेजारी पट्टी ठेवून. नोंदी: प्रवाळाची जात, त्याची लांबी-रुंदी, खोली, शंख बुडाशी होता की कडेला की बेचक्यात, त्याच प्रवाळावर आणखी किती, खाल्ल्याचा पांढरा पट्टा किती रुंद. खोलीची नोंद राहिली तर सगळे वाया. एक जातीचे प्रवाळ उथळ पाण्यात आणि दुसरे खोल पाण्यात असेल, तर दिसलेला फरक प्रवाळाचा की लाटांचा हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे एकाच खोलीच्या पट्ट्यातली प्रवाळे निवडायची.

प्रत्येक यजमानावरचे वीस-तीस शंख तरी हवेत, पण ते एकाच प्रवाळावरून नकोत. एका प्रवाळावरचे तीस म्हणजे गणिताच्या दृष्टीने जवळजवळ एकच नमुना, कारण सगळ्यांनी एकच अन्न, एकच प्रवाह आणि एकच शेजार अनुभवलेला असतो. दहा प्रवाळांवरचे तीन-तीन घेतलेले केव्हाही सरस.

प्रत्येक शंख वेगळ्या पिशवीत ठेवायचा. आत चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि संध्याकाळपर्यंत कोऱ्या चिठ्ठ्यांचा ढीग उरतो.

लांबी व्हर्नियर कॅलिपरने, शिखरापासून खालच्या नळीच्या टोकापर्यंत, ०.१ मिलिमीटरपर्यंत. मोजण्याआधी वरचे शेवाळ आणि चुन्याचे थर खरवडावे लागतात, नाहीतर मिलिमीटर-दीड मिलिमीटर असाच वाढतो. म्हाताऱ्या शंखांचे शिखर झिजलेले असते, तिथे लांबी भरवशाची नाही; तोंडाची लांबी आणि कमाल रुंदी घ्यावी.

आकारमान आणि ठेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेवणीसाठी शंख तोंड वर करून मातीच्या गोळ्यात बसवतात आणि वरून फोटो काढून ठरावीक बिंदूंवर खुणा करतात. शिखर, तोंडाचा वरचा कोपरा, नळीचे टोक वगैरे. मग संगणक आकारमान, जागा आणि फिरकी काढून टाकून फक्त खुणांची मांडणी तोलतो. शंख जरा जरी कलला तरी फोटोत तो अरुंद दिसतो आणि ती चूक यजमानाच्या नावावर जमा होते. उपाय एकच: काही शंख उचलून पुन्हा बसवायचे, पुन्हा फोटो काढायचा आणि दोन्हींतला फरक पाहायचा. हा फरक प्रवाळांमधल्या फरकाएवढा असेल तर घरी बसलेले बरे. शिवाय वाढताना शंखाची ठेवण आपोआप बदलते, म्हणून सारख्या लांबीचेच शंख एकमेकांशी ताडायचे.

डीएनएसाठी पायाचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, अल्कोहोल मांसाच्या निदान पाचपट, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचे. अख्खा शंख तसाच बुडवला तर तो झाकण घट्ट लावून घेतो, अल्कोहोल आत शिरत नाही आणि आतले मांस कुजते. कवचाला तडा द्यावा लागतो. पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडला तर पहिला संशय शंखाच्या चिकट स्रावावर घ्यायचा. तो डीएनएबरोबर येतो आणि प्रक्रियाच बंद पाडतो. सीटीएबी या रसायनाच्या पद्धतीने शुद्धीकरण केल्यास बहुधा सुटका होते. आणि नुसत्या मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांच्या) डीएनएवर निकाल देऊ नये, तो फक्त आईकडून येतो. दोन गटांत संकर होत असेल तर तो पेशीकेंद्रातल्या डीएनएतच दिसेल.

आवड-निवडही कायमची नसते

२०१० च्या तापमानवाढीत थायलंडच्या कोह ताओ बेटाजवळची प्रवाळे पांढरी पडली. ड्रुपेलाची आवडती अक्रोपोरा कमी झाली, तेव्हा तिथले ड्रुपेला एरवी फारसे न खाल्ले जाणारे छत्रीप्रवाळ खाताना दिसले. जमैकात १९८० च्या अ‍ॅलन चक्रीवादळानंतर प्रवाळे मोडली, पण गॅलिया शंख उरले, आणि ते उरल्यासुरल्या फांद्यांवर एकवटले. प्रवाळे सावरण्याऐवजी आणखी मागे पडली. म्हणून ‘हा शंख अमुक प्रवाळ खातो’ असे वाचले की नोंद कोणत्या वर्षाची आणि तेव्हा तिथे काय-काय शिल्लक होते, हे आधी पाहावे.

इथून काय करता येईल

मालवणच्या बाजूला फांदीदार अक्रोपोराची मोठी राने नाहीत. तिथे पोरायटीस, टर्बिनारिया अशी गोळ्यांची किंवा पसरट प्रवाळे जास्त. म्हणजे आपल्या जवळच्या समुद्रात शोधायचे तर प्रवाळाच्या कडा आणि मेलेल्या-जिवंत भागांच्या सीमारेषा पाहाव्यात. हात मात्र लावू नये. भित्ती बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुकडा तोडणे तर सोडाच, मेलेला तुकडा पिशवीत घालून आंबोली घाट चढणेही महागात पडू शकते. मालवणचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. नमुने घ्यायचे तर परवाना असलेल्या संस्थेमार्फतच.

किनाऱ्यावर वेचलेला रिकामा शंख या कामाला निरुपयोगी. तो कोणत्या प्रवाळावर वाढला हे कळायला मार्ग नाही, आणि लाटांनी किंवा संन्यासी खेकड्याने तो कुठून आणला तेही नाही.

मोजणीचा सराव मात्र बेळगावातच होतो. मलप्रभेच्या नाहीतर मार्कंडेयाच्या काठी, तळ्यांत आणि कालव्यांत मिळणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे रिकामे कवच घ्यावे. वाहत्या पाण्यातली तीस, तळ्यातली तीस. दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता लांबी, रुंदी आणि तोंडाची लांबी मोजावी, आठवड्याने तीच कवचे पुन्हा मोजावीत. दोघांच्या मापांत ०.३ मिलिमीटरहून जास्त तफावत सतत येत असेल तर शिखर आणि तोंडाची कड नेमकी कुठे धरायची ते आधी ठरवून घ्यावे, मगच नदी आणि तळे यांची तुलना करावी.